पायाशी गरम हवा

६ डिसेंबर, शनिवार

गाडीच्या हीटरचा आजवरचा खरा खर्च: थर्मोस्टॅट एक. कूलंटचे डबे दोन, त्यातला अर्धा डबा माझ्या उजव्या बाहीने प्यायला. डाव्या अंगठ्याचं नख. स्वयंपाकघरातला एक टॉवेल, जो पुन्हा स्वयंपाकघरात पाऊल ठेवणार नाही असं बायकोने जाहीर केलं आहे. दोन अख्खे दिवस. मी निवृत्त असल्यामुळे हे खर्चात धरायचे की नाही यावर घरात दुमत आहे. आणि जावयासमोरची अब्रू, जी मुळातच फार मोठी शिल्लक नव्हती.

एवढं घालून आलं काय, तर गार हवा. पूर्वीही गारच येत होती, पण फुकट येत होती.

वही नवी आहे म्हणून ओळख करून देतो. चाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली. सुरुवात सायकलला बांधलेल्या हत्यारांच्या पेटीने, शेवट सात माणसांच्या दुकानाने. दुकान आता पुतण्या चालवतो आणि माझ्यापेक्षा बरं चालवतो, हे मी त्याला कळू दिलेलं नाही. शाळा माझ्याच्याने फार झाली नाही. जे कमावलं ते कानांवर. कारखान्यातून फोन यायचा, मशीन धागा तोडतंय. मी म्हणायचो, फोन मशीनजवळ धरा आणि तुम्ही गप्प बसा. दहा टाके ऐकले की सांगायचो, शटल घासतंय का सुईचा दांडा सैल आहे. दुकानात पाटीच होती: मशीन बोलत असताना गिऱ्हाइकाने बोलू नये. चाळीस वर्षांत या कानांतून एक गोष्ट सुटलेली नाही, हे मी इथे शाईने लिहून ठेवतो.

दुकानात प्रत्येक मशीनची वही असायची. तक्रार काय, आवाज कसा, काय केलं, आणि गिऱ्हाईक काय काय म्हणालं ते शब्दशः, मग ते कितीही बिनकामाचं असो. तशीच ही गाडीची वही. घरची माझी दैनंदिनी मे महिन्यापासून कोरी आहे. ते वेगळं.

आता तक्रार. मंगळवारी आणि शुक्रवारी बायकोला डायलिसिसला न्यायचं असतं. जायला पन्नास मिनिटं, यायला पन्नास. जाताना ती ठीक असते. येताना तिला हाडांतून थंडी वाजते. सिस्टर म्हणाल्या, असं होतंच, त्यांना गरम ठेवा. आणि मी तिला अशा गाडीत बसवतो, जिच्यात बाहेरची थंडी पंखा लावून आत ओढली जाते.

लेकीने काल हॉस्पिटलच्या दारात मला बाजूला घेतलं. तिचं घर तिथून दहा मिनिटांवर. म्हणाली, "बाबा, महिनाअखेरपर्यंत गाडी गरम झाली नाही तर आईला हिवाळाभर मी माझ्याकडे ठेवते." आवाज चढवला नाही. आवाज चढवला असता तर मला भांडता आलं असतं. मी म्हटलं, महिना कशाला, आठवड्यात करतो. ती म्हणाली, मागच्या आठवड्यातही हेच म्हणाला होतात.

परतताना चढावर बायको म्हणाली, "अहो, मे महिन्यात तुम्ही ते..." मी बोट वर केलं. पाण्याच्या पंपाचा आवाज ऐकायचा होता. ती थांबली. तिला पाटी माहीत आहे. रंगवली तिनेच होती.

पंपाचा आवाज ठणठणीत आहे.

७ डिसेंबर, रविवार

जावयाने फोनवर यादी पाठवली, ती मी कागदावर उतरवून घेतली. हीटरमधून गरम हवा येत नसल्यास तपासायचे सात मुद्दे. जावई कॉम्प्युटरवर काम करतो. नेमकं काय करतो हे मी त्याला तीनदा विचारलंय आणि तीनदा समजल्यासारखी मान हलवलीय. माणूस सरळ आहे. मला 'बाबा' म्हणतो आणि माझ्यासमोर स्क्रू ड्रायव्हरला हात लावत नाही, बहुतेक भीतीने.

यादीतला पहिला प्रश्न: गाडीच्या पाइपांना अलीकडे कुणी हात लावला होता का? वाचून हसू आलं. माझ्या गाडीला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. पुढे ठसठशीत 'नाही' लिहिलं.

कूलंट भरलेलं आहे. पंखा फिरतो. इंजिन व्यवस्थित तापतं, काटा मध्यावर येऊन उभा राहतो. पाचवा मुद्दा असा: इंजिनाकडून दोन रबरी नळ्या आत जातात. एकीतून गरम पाणी हीटरला जातं, दुसरीतून परत येतं. गाडी तापवून दोन्ही नळ्या हाताने धरून बघा. एक गरम, एक गार असेल तर हीटर तुंबला. दोन्ही गरम तर आतली झडप अडकली. धरल्या. दोन्ही गार. यादी म्हणते, पाणी वाटेत कुठेतरी अडतंय. यादीला नमस्कार. अडतंय ते मलाही कळलं, कुठे ते विचारलं होतं.

दिसते तेवढी नळी तपासली. पुढची इंजिनाच्या मागे, पत्र्याच्या आडोशाला जाते. तिथे हात जातो पण नजर जात नाही. म्हणजे तिथे बिघडण्यासारखं काही नसणार.

माझं निदान: नळीत हवा अडकली आहे.

८ डिसेंबर, सोमवार

अडकलेली हवा काढायची तर गाडीचं नाक वर हवं. आमच्या वस्तीत चढ एकच, आणि तो गॅरेजवाल्याच्या दारात.

या गॅरेजवाल्याचा आणि माझा जुना मामला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचं सीटकव्हर शिवायचं मशीन अडलं होतं. मी रस्त्यावरून ऐकूनच बिघाड सांगितला, तोही त्याच्या गिऱ्हाइकांसमोर, आणि वर म्हणालो, शिलाई मशीनपुढे गाडी म्हणजे लहान मुलाचं खेळणं. वाक्य वस्तीभर गाजलं. गाजवलं मीच.

आज त्याच्या दारात खेळणं उभं केलं. बॉनेट उघडं, रेडिएटरचं टोपण काढलेलं, इंजिन चालू, मी एका हाताने नळी दाबतोय, दुसऱ्या हाताने पाणी ओततोय. तो बाहेर येऊन म्हणाला, "काका, काही मदत?" मी म्हटलं, नाही, सहज थांबलोय. तो आत गेला आणि एक स्टूल आणून माझ्याशेजारी ठेवलं. त्या स्टुलाचा मला अतोनात राग आला. बसलो मात्र.

चाळीस मिनिटांत पाच बुडबुडे आले. पाचवा मोठा होता. तोच असणार.

९ डिसेंबर, मंगळवार

गार.

१२ डिसेंबर, शुक्रवार

येताना तिच्या अंगावर: दोन स्वेटर, शाल, माझा कोट, पायमोज्यांचे दोन जोड, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. वीस मिनिटांत पिशवी कोमट झाली. मी विचारलं, फार गार वाटतंय का. म्हणाली, छे, काही विशेष नाही. मग दात एकमेकांवर वाजल्याचा बारीक आवाज आला, फक्त दोनदा, आणि तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मला ऐकू आलं. हे कान.

खरं सांगायचं तर मला ती गाडीतली शंभर मिनिटं हवी असतात. दुकान होतं तेव्हा आम्ही दिवसाला दहा वाक्यं बोलायचो, त्यातली चार जेवणाच्या डब्याविषयी. आता आठवड्यातून दोनदा एका डब्यात बंद. ती शेजारणीच्या सुनेचं सांगते, रस्त्यावरच्या घरांना नावं ठेवते, मी ऐकतो. म्हणजे मध्येमध्ये इंजिनही ऐकतो.

ती हिवाळाभर लेकीकडे गेली तर? चहा करता येतो मला. प्रश्न चहाचा नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

हीटर धुतला. आतल्या दोन्ही नळ्या हीटरच्या तोंडाशी सोडवल्या आणि बागेच्या पाइपने पाणी सोडलं. एकीकडून घातलं ते दुसरीकडून नितळ, झुळझुळ बाहेर, माझ्या बुटात. हीटर तुंबलेला नाही. रोगी धडधाकट आणि रोग कायम.

दुपारचं आभाळ भरलेलं होतं, बॉनेटखाली काही दिसेना. बायको शाल गुंडाळून दारात उभी होती. म्हणाली, "तेव्हाही टॉर्च मीच धरला होता." तेव्हा म्हणजे केव्हा हे मी विचारलं नाही. तिच्या मदतीची मी कधी दखल घेत नाही अशी तिची जुनी तक्रार आहे, तिचाच हा एक धागा असणार. म्हणून दखल घेतली. टॉर्च तिच्या हातात दिला.

पण टॉर्च धरणं हे काम आहे, ते प्रत्येकाला जमतं असं नाही. मी पुढे काम करतोय आणि ही सारखा उजेड इंजिनाच्या मागे, त्या आडोशाच्या कोपऱ्यात पाडतेय. दोनदा सांगितलं, अगं, इकडे धर. तिने तिसऱ्यांदाही तिकडेच धरला. तेवढ्यात तिला दम लागला म्हणून आत पाठवलं.

१५ डिसेंबर, सोमवार

पाना आणायला दुकानात निघालो तर बायको म्हणाली, "जाताय तर विचारा, टेबलाला मोटर आवळायचा एक क्लॅम्प कमी आहे का." मी थबकलो. दुकानातलं सामान ती वीस वर्षं बघत नाही. आजारपणात मन असं मागे मागे फिरतं म्हणतात. वाईट वाटलं.

पुतण्याला विचारलं, तर खरंच एक क्लॅम्प कमी. मे महिन्यापासून. त्याचा एका कारागिरावर संशय होता, पण पुरावा नसल्यामुळे गप्प राहिला. मी त्याला तिथल्या तिथे अर्धा तास झापलं. माझ्या वेळी दुकानातून सुई हलली तरी मला कळायचं, हत्यारं मोजून देत जा, मोजून घेत जा, धंदा असा होत नाही. तो खाली मान घालून ऐकत होता. चांगलं वळण आहे पोराला.

घरी येऊन बायकोला सांगितलं, तुझं बरोबर होतं, कमी आहे. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मी म्हटलं, पुतण्याला तंबी दिलीय, काळजी करू नकोस. ती म्हणाली, बरं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

लेक हॉस्पिटलमध्ये आली होती. आईचे हात हातात घेऊन बसली, मग माझ्याकडे न बघता म्हणाली, खोली रंगवून झालीय, पडदे आज लागतील. खोली कुणाची ते म्हणाली नाही. जावई मला कॉफी देऊन म्हणाला, "बाबा, यादीचं काय झालं?" मी म्हटलं, सहा मुद्दे निकालात काढले. आणि पहिला, त्याने विचारलं. मी म्हटलं, पहिला प्रश्न आपल्याला लागू नाही. जावयाने मान हलवली, समजल्यासारखी. घराण्यात मुरला म्हणायचा.

२२ डिसेंबर, सोमवार

सुटला प्रश्न. गेले पंधरा दिवस मी गाडीच्या हीटरमागे लागलो, ही चूक. गाडीचा हीटर गेला खड्ड्यात, आपण आपला हीटर बसवू. दुकानात जुन्या इस्त्रीतली तापायची तार पडली होती. लहान पंख्यासमोर ती एका पत्र्याच्या डब्यात बसवली, वायर थेट गाडीच्या बॅटरीला. डबा सीटखाली. दारात उभ्या गाडीत दहा मिनिटं चालवून पाहिला. ऊब आली. थोडा वास येतो, पण वास म्हणजे गरम होतंय याची खूण.

लेकीला फोन करून म्हटलं, पडदे परत करता येत असतील तर बघ.

२३ डिसेंबर, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. वहीचा नियम म्हणून लिहितो.

येताना, निम्म्या रस्त्यात, डब्याने बॅटरी पिऊन टाकली. आधी दिवे मंद झाले, मग वायरीतून धूर, मग गाडी. दोन्हीकडे मोकळं शेत, वाऱ्याला आडोसा नाही. मी वायर उपटली. गाडी हूं की चूं करेना. आम्ही पंचवीस मिनिटं बसलो होतो. मी अंगातला कोट तिच्यावर घातला, मग स्वेटर. स्वतः नुसत्या शर्टावर बसलो. ती म्हणाली, तुम्ही घाला, आजारी पडाल. तिचे ओठ निळसर दिसत होते. मी त्यांच्याकडे बघणं टाळलं, आणि टाळतोय हे तिला दिसलं.

तिने एकदाच बोलून पाहिलं. "मे महिन्यात उलट किती भाजायचे माझे पाय इथे," ती म्हणाली, "आणि मग तुम्ही..." मी दार उघडून बाहेर पडलो आणि बॉनेट वर करून उभा राहिलो. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. पण उभा राहिलो.

मी फोन केला होता, त्यावर लेक आली. तिच्या गाडीचं दार उघडलं तेव्हा आतली ऊब माझ्या तोंडावर आली. आईला उचलल्यासारखं करून तिने तिकडे बसवलं. मागून आपल्या गाडीने आलेला जावई माझ्याबरोबर थांबला, त्याच्या बॅटरीला वायरी जोडून गाडी चालू केली त्याने. त्यानेच. स्क्रू ड्रायव्हरला हात लावला नाही, कारण लागलाच नाही.

ती आता हिवाळाभर तिकडे.

२६ डिसेंबर, शुक्रवार

आज शुक्रवार असून कुठे जायचं नव्हतं. सकाळी सातला कोट घालून बसलो होतो, मग लक्षात आलं.

दोन दिवस गाडीखाली सतरंजी टाकून पडलो होतो, पंप उघडता येतो का बघायला. आलं काय, तर सर्दी. नाक गळतंय, डोकं जड, आणि दोन्ही कान बंद. अगदी कापूस कोंबल्यासारखे. घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. बंद कानांनी घर जास्त रिकामं वाटतं. एरवी आवाज नसला तरी ऐकता येतो.

लेकीचा फोन आला, आई बरी आहे, तिची भाजीची यादी कुठे ठेवलीय विचारतेय. मी तीनदा विचारलं, काय? चौथ्यांदा तिने फोन ठेवला.

२८ डिसेंबर, रविवार

गॅरेजवाल्याकडे गेलो. पायी, कारण चढावर गाडी लावून पुन्हा स्टूल नको होतं. म्हटलं, बाबा रे, हीटर. तो काहीतरी बोलला. ऐकू आलं नाही, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं, त्यामुळे मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. मग मोठ्याने म्हणाला, "काका, मला आवाजावरून सांगता येत नाही हो. उघडून बघावं लागतं. बुधवारी आणून लावा." आणि स्टूल पुढे केलं. बसलो.

माझ्या कोणत्याही यंत्राला चाळीस वर्षांत दुसऱ्याचा हात लागला नव्हता. बुधवारी लागेल. बायकोला कुठे ते कळणार आहे.

३० डिसेंबर, मंगळवार

शांतपणे, क्रमाने लिहितो.

दुपारी बायकोला भेटायला हॉस्पिटलला गेलो. कान तसेच. गाडी चालवताना इंजिन ऐकू येत नाही हा अनुभव मी आयुष्यात घेतला नव्हता. एखाद्याच्या घरात त्याचा चेहरा न बघता शिरल्यासारखं वाटतं. तिचं संपायला आणि लेक यायला अर्ध्या तासाचं अंतर होतं. ती म्हणाली, म्हणजे तिने खुणेने सांगितलं, गाडीत बसू. मी म्हटलं, गार आहे. ती चालायलाच लागली.

हॉस्पिटलच्या अंगणात गाडी उभी, इंजिन चालू ठेवलेलं, खिडक्यांवर वाफ. ती बोलायला लागली. सवयीने माझं बोट वर गेलं आणि अर्ध्यावर थांबलं, कारण ऐकायला काही नव्हतं. इंजिन ऐकू येत नव्हतं. तीही येत नव्हती. पण इंजिनाला पुन्हा सांग म्हणता येत नाही. मी कानाला हाताचा द्रोण लावून तिच्याकडे वाकलो आणि म्हटलं, मोठ्याने सांग, काय म्हणतेस?

आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली. हे वाक्य मी तिला पहिल्यांदा म्हटलं असावं, कारण ती आधी गोंधळली. मग माझ्या कानाशी तोंड आणून, शब्द तोडून तोडून म्हणाली:

"तुम्ही नळीला क्लॅम्प लावलाय. मे महिन्यात. मागच्या कोपऱ्यात. टॉर्च मी धरला होता."

ती पुढे म्हणाली, "मे म्हटलं की तुम्ही उठून जाता. मग मी कसं सांगायचं?"

सगळं आलं मग, एकदम. मे महिन्यात तिचे पाय सुजायला लागले होते. तपासण्यांसाठी रोज गाडीतून जायचो, आणि गाडीचा हीटर बंद करूनही पायाशी गरम हवा यायची, सुजलेल्या पायांवर. ती बोलायची नाही, चपला काढून पाय सीटवर घ्यायची. एका दुपारी मी दुकानातला क्लॅम्प आणून हीटरला जाणारी नळी आवळून टाकली, गरम पाणीच बंद. दहा मिनिटांचं काम. ती म्हणाली होती, आता कसं बरं वाटतंय. चार दिवसांनी रिपोर्ट आला. त्यानंतर त्या आठवड्यातलं जे जे होतं ते मी कुठेतरी मागच्या कोपऱ्यात ढकललं, क्लॅम्पसकट.

उतरलो. बॉनेट उघडलं. इंजिन बंद करायचं सुचलं नाही. मागच्या आडोशात हात घातला, जिथे नजर जात नाही. चटका बसला, मग पुन्हा घातला. होता. दुकानात वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेला, दुकानाच्या ओळखीच्या हिरव्या रंगाचा. चार वळसे फिरवले आणि तो हातात आला.

आत येऊन बसलो. पंखा लावला. ती कान टवकारून बसली होती. म्हणाली, पाणी वाहतंय, आवाज येतोय. मला येत नव्हता. आधी धुळीचा जळका वास, मग कोमट, मग ऊन हवा, थेट पायांवर. तिने बूट काढले, पायमोज्यांचा वरचा जोड काढला, आणि पाय जाळीशी नेले. मी खिडकीवरची वाफ पुसत बसलो. पुसण्यासारखी आता फारशी राहिली नव्हती.

लेक आली. काचेवर टकटक केली, दार उघडलं, आणि ऊब तिच्या तोंडावर गेली. ती तशीच उभी राहिली. तिच्या आईने सांगितलं, घरी जातेय, माझी पिशवी शुक्रवारी घेऊन ये. लेकीने मला विचारलं, काय होतं? मी ऐकू न आल्यासारखं केलं. या वेळी खरंच सोपं होतं.

परतीची पन्नास मिनिटं ती बोलत होती. मी दर दोन मिनिटांनी विचारत होतो, काय? तिने दर वेळी पुन्हा सांगितलं. शेजारणीच्या सुनेचं बरंच साचलं होतं.

३१ डिसेंबर, बुधवार

सकाळी गॅरेजवाल्याला सांगून आलो की गाडी आणत नाही, झालं काम. काय निघालं, त्याने विचारलं. मी म्हटलं, किरकोळ. तो म्हणाला, किरकोळच असतं काका, कुणीतरी काहीतरी करून विसरलेलं असतं. मी म्हटलं, लोक काय करतील नेम नाही.

पुतण्याला फोन करून क्लॅम्प सापडल्याचं सांगितलं, आणि त्या कारागिराला माझ्याकडून चहा पाज म्हटलं. कशाबद्दल, त्याने विचारलं. नोंदीत लिही, म्हटलं, जुनी बाकी.

जावयाच्या यादीतल्या पहिल्या प्रश्नापुढचं 'नाही' खोडून दुरुस्त केलं.

कान दुपारी सुटले, आधी डावा. पहिला आवाज ऐकू आला तो स्वयंपाकघरातल्या नळाचा. वॉशर गेलाय. मी तसं ओरडून सांगितलं. बायको बाहेर येऊन म्हणाली, वॉशर जाऊन महिना झाला, दोनदा बोलले होते.

मग म्हणाली, क्लॅम्पचं तर सहा वेळा सांगितलं. सहा जास्त वाटले म्हणून वही घेऊन बसलो. गिऱ्हाईक काय म्हणालं ते शब्दशः लिहायचं, हा माझाच नियम. ५ तारखेचं सापडलं, चढावरचं. १३ तारखेचं, टॉर्चचं. १५ तारखेचं, दुकानाचं. २३ तारखेचं, शेतातलं. चार. मी म्हटलं, चारच आहेत. ती म्हणाली, एकदा जेवताना, एकदा हॉस्पिटलच्या बाकावर. ते वहीत नाहीत.

सहापैकी इंजिन चालू होतं ते एकदाच.